पावसात चालत गेलेला मास्तर

कॉर्कला मी आलो तो सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी. दोन बॅगा, एक कुकर, आईने बळेच कोंबलेल्या कुरड्या आणि हिंगणघाटच्या बाजारातून घेतलेली एक छत्री, एवढाच संसार होता. छत्री पहिल्याच आठवड्यात कामी आली. म्हणजे लढाईत शूरवीर कामी येतात, त्या अर्थाने. इथला पाऊस वरून खाली पडतच नाही, तो समोरून चालून येतो. आम्हा विदर्भातल्या लोकांना पाऊस म्हणजे पाहुणा, इथे तो घरजावई आहे.

त्या सहा महिन्यांची आता आठ वर्षं झाली. ती कशी झाली हे तुम्हाला सांगायला नको. तुमचंही थोड्याफार फरकाने तसंच झालं असणार.

पहिल्या वर्षी गाडी नव्हती, त्यामुळे संध्याकाळी ली नदीच्या काठाने चालत घरी यायचो. वाटेत ग्रेनव्हिल प्लेस नावाचा एक छोटासा रस्ता लागतो. नदीकडे तोंड करून उभी असलेली जुनी, उंच, दाटीवाटीची घरं. एकदा असाच आडवा पाऊस आला म्हणून एका दाराच्या कोनाड्यात उभा राहिलो, तर शेजारच्या पाच नंबरच्या घरावर पाटी दिसली. या घरात जॉर्ज बूल राहत असे, अशा अर्थाची.

बूल! अहो, हे नाव मी दिवसातून पन्नास वेळा टाईप करतो. सेकंड इयरला बूलियन अल्जिब्राने आणि त्या के-मॅपने आमचा जीव काढला होता. पण बूल हे कुणा माणसाचं आडनाव असेल, तो माणूस कुठेतरी राहत असेल, भाडं भरत असेल, त्याला सर्दी होत असेल, असं कधी मनातच आलं नव्हतं. आणि हा माणूस माझ्या रोजच्या रस्त्यावर राहत होता! त्या रात्री कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या सोडून बूलबद्दल वाचत बसलो. भाताचा लगदा झाला. तेव्हापासून जे जे वाचत गेलो ते आज इथे लिहितो आहे. बूलचा उल्लेख एकेरीत करतो आहे. आठ वर्षांच्या शेजारानंतर तेवढा हक्क मला पोचतो असं मी धरून चाललोय.

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधल्या लिंकन गावचा. वडील जॉन बूल जोडे शिवायचे. आई लग्नाआधी एका बड्या घरच्या बाईंकडे नोकरीला होती. आता जोडे शिवणाऱ्याने जोडे शिवावेत ना! पण जॉन बूलचा जीव दुर्बिणीत अडकलेला. भिंगं घासायची, दुर्बिणी बनवायच्या, गणितं सोडवायची, आणि गिऱ्हाइकाचे जोडे तसेच पडलेले. दुकानात त्याने आकाश बघायला येणाऱ्यांसाठी पाटी लावली होती म्हणतात. असा बाप पोराला मिळाला तर पोराचं कल्याण होतं आणि दुकानाचं वाटोळं. इथे दोन्ही झालं.

पोराला लॅटिन एका ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याने शिकवली. ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन तो आपली आपणच शिकला. चौदा वर्षांचा असताना त्याने एका ग्रीक कवितेचं केलेलं भाषांतर बापाने कौतुकाने गावच्या वर्तमानपत्रात छापून आणलं, तर एका शाळामास्तराने जाहीर शंका घेतली की या वयाच्या मुलाला हे जमणंच शक्य नाही. हुशार पोराला पहिली पावती अशीच मिळते.

मग दुकान बुडालं. सोळाव्या वर्षी, १८३१ मध्ये, घरातला थोरला म्हणून बूलने नोकरी धरली ती डॉन्कास्टरच्या एका शाळेत, दुय्यम मास्तराची. आई, बाप, एक बहीण, दोन भाऊ, सगळ्यांचा भार त्याच्यावर आला. घर सोडून राहायची ही त्याची पहिली वेळ, आणि घरच्या आठवणीने तो अगदी कासावीस व्हायचा. नवीन पुस्तकं घ्यायला पैसे नसायचे. त्याने गणित धरलं त्याचं एक कारण त्याने पुढे सांगितलं ते फार व्यवहारी होतं: गणिताचं पुस्तक पुष्कळ दिवस पुरतं. इतर पुस्तकं भराभर वाचून संपतात, गणिताच्या पुस्तकाचं एक पान आठवडाभर चालतं. पैसे वसूल! हे वाचल्यावर मला तो एकदम आपला माणूस वाटायला लागला.

याच डॉन्कास्टरमध्ये, सतरा वर्षांचा असताना, एकदा एका शेतातून चालताना त्याच्या डोक्यात एक विचार चमकून गेला. ज्या खुणांनी आपण संख्यांचं गणित मांडतो, तशाच खुणांनी माणसाच्या विचारांचं गणित का मांडता येऊ नये? ही गोष्ट त्याच्या बायकोने पुढे लिहून ठेवली आहे. त्या वेळी काही करायला त्याच्याकडे ना वेळ होता, ना शिक्षण. तो विचार त्याने पंधराएक वर्षं तसाच मनात ठेवला. आम्ही एखादं काम पंधरा दिवस पेंडिंग ठेवलं तर मॅनेजरचे तीन मेल येतात.

डॉन्कास्टरची नोकरी गेली. प्रार्थनेच्या वेळी हा गणितं सोडवतो, अशी त्याच्याविरुद्ध तक्रार होती. मग लिव्हरपूल, मग लिंकनजवळचं वॉडिंग्टन, आणि एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा. दिवसा पोरं शिकवायची आणि रात्री लाग्रांज, लाप्लास वाचायचे, तेही मूळ फ्रेंचमधून, एकट्याने. १८४० च्या सुमाराला केंब्रिजच्या गणिताच्या मासिकात त्याचे लेख यायला लागले. केंब्रिजला येऊन रीतसर पदवी घ्यावी असंही निघालं होतं. पण शाळा बंद केली तर घर कसं चालणार? राहिलं. पदवी शेवटपर्यंत घेतली नाही ती नाहीच. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला एका निबंधासाठी सुवर्णपदक दिलं. हा निबंध सोसायटीने आधी जवळजवळ नाकारलाच होता.

लिंकनमध्ये असताना त्याने आणखी एक गोष्ट केली, जी फारशी कुणी सांगत नाही. दुकानांत नोकरी करणाऱ्या पोरांना संध्याकाळी वेळेवर सोडावं, त्यांना दिवसातला थोडा वेळ स्वतःसाठी मिळावा, म्हणून तिथे चळवळ चालू होती. बूल तीत सामील होता. १८४७ मध्ये फुरसतीचा उपयोग कसा करावा यावर त्याने भाषणही दिलं. रविवारी रात्री प्रॉडक्शन सपोर्टला बसलो की मला त्याची ही बाजू जास्त आठवते.

त्याच १८४७ साली त्याने तर्कशास्त्राच्या गणितावर एक लहानसं पुस्तक काढलं. शेतात सुचलेला तो विचार अखेर कागदावर आला. निमित्त झालं ऑगस्टस डी मॉर्गनच्या एका वादाचं. कोण आधी कोण नंतर यावरून डी मॉर्गन आणि एक स्कॉटिश तत्त्वज्ञ यांच्यात जुंपली होती, ते वाचून बूलला आपला जुना विचार आठवला. के-मॅप शिकताना डी मॉर्गनचे दोन नियम आपण सगळ्यांनी घोकले आहेत. हा डी मॉर्गन जन्मला कुठे, तर मदुराईला, १८०६ मध्ये. त्याचे वडील कंपनीच्या फौजेत होते. हे आम्हाला कॉलेजात सांगितलं असतं तर दोन मार्क जास्त पडले असते असं नाही, पण मजा आली असती.

आता आयर्लंड. इथे बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे अशी तीन नवी सरकारी कॉलेजं निघणार होती. बूलने १८४६ मध्येच अर्ज केला होता. पदवी नाही, फक्त छापलेलं काम आणि मोठमोठ्या गणितज्ञांची शिफारसपत्रं. सरकारी काम, त्यामुळे उत्तर येता येत नव्हतं. डिसेंबर १८४८ मध्ये वडील गेले. दुर्बिणी करणाऱ्या त्या माणसाला आपला मुलगा प्रोफेसर झालेला दिसला नाही. नेमणूक ऑगस्ट १८४९ मध्ये जाहीर झाली: क्वीन्स कॉलेज, कॉर्क, गणिताचा पहिला प्राध्यापक. नोव्हेंबरात कॉलेज सुरू झालं तेव्हा बूलला चौतिसावं वर्ष पुरं होऊन पाच दिवस झाले होते.

म्हाताऱ्या आईला आणि बहिणीला मागे ठेवून, समुद्र ओलांडून, ओळखदेख नसलेल्या गावात नोकरीसाठी जायचं. हे वाक्य मी त्याच्याबद्दल लिहितो आहे हे स्वतःला पुन्हा सांगावं लागलं.

तो आला तेव्हा आयर्लंडवर काय वेळ होती, ते लक्षात घ्यायला हवं. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला होता, आणि गरिबांचं सगळं खाणंच बटाटा. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. कॉर्कजवळचं कोव्ह बंदर त्यांच्या जाण्याचं एक मोठं ठिकाण होतं. म्हणजे लाखो लोक या बंदरातून पोटासाठी बाहेर चालले होते, तेव्हा बूल पोटासाठी इथे येत होता. आज कोव्हला आपण पाहुण्यांना घेऊन टायटॅनिकचं म्युझियम दाखवायला जातो, मासे आणि चिप्स खातो. त्या धक्क्यावर दर वेळी माझं मन जरा चोरट्यासारखं होतं. आपण विमानाने, व्हिसा छापलेला पासपोर्ट घेऊन आलेले लोक.

कॉलेजलाही विरोध होता. त्यात धर्माचं शिक्षण नव्हतं, म्हणून कॅथलिक धर्मगुरूंना ते पसंत नव्हतं. बूल तर परका, इंग्रज, आणि चर्चच्या ठरीव मतांत न बसणारा. कॉलेजचे प्रेसिडेंट सर रॉबर्ट केन बराचसा वेळ डब्लिनला राहायचे, त्यावरून बूलचं आणि त्यांचं पुढे चांगलंच वाजलं, वर्तमानपत्रात पत्रापत्री होण्यापर्यंत. गरीब स्वभावाचा, लाजाळू माणूस, पण पटलं नाही की गप्प बसत नसे. बहिणीला मात्र तो नेमाने लिहायचा. आपल्याला व्हॉट्सअॅप आहे. त्याच्या पत्राला जायला काही दिवस, उत्तराला यायला काही दिवस. तरी मला सांगा, आपण घरी रोज बोलतो त्यात बोलतो किती? जेवलास का, जेवलो. पाऊस आहे का, आहे.

ग्रेनव्हिल प्लेसच्या पाच नंबरात तो भाड्याने राहू लागला. खिडकीखाली ली नदी, आणि कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. याच घरात राहत असताना त्याने आपलं मोठं पुस्तक लिहिलं, विचारांच्या नियमांवरचं, १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेलं. मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली त्याच्या पुढच्या वर्षी. बूल तेव्हा अडतीस वर्षांचा होता. मी आज तेवढाच आहे आणि माझ्या नावावर आहे एक पॉवरपॉइंट टेम्प्लेट. (या घराच्या आतला काही भाग २०१० मध्ये कोसळला होता. नंतर त्याची डागडुजी झाली.)

पुस्तकातली मूळ कल्पना सांगायला सोपी आहे. समजा जगातल्या सगळ्या म्हशींना म्हणायचं क्ष आणि सगळ्या काळ्या गोष्टींना म्हणायचं य. मग क्ष गुणिले य म्हणजे काळ्या म्हशी. क्ष य म्हणा नाहीतर य क्ष म्हणा, म्हशी त्याच. आता गंमत बघा: य गुणिले य म्हणजे काय? काळ्या गोष्टींतल्या काळ्या गोष्टी, म्हणजे पुन्हा काळ्या गोष्टीच. य चा वर्ग बरोबर य. शाळेतल्या अंकगणितात ही अट पाळणाऱ्या संख्या दोनच आहेत, ० आणि १. बूलने ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सगळं काही, असं धरलं, आणि या दोघांच्या मधल्या जागेत ॲरिस्टॉटलपासूनचं तर्कशास्त्र समीकरणांत बसवून दाखवलं. बूलला मराठी येत नव्हतं हे एक बरं झालं. आपल्याकडे गरम भजी वेगळी आणि गरम गरम भजी वेगळी. त्याचा पहिला नियमच कोलमडला असता.

आज आपण जे शिकतो ते हुबेहूब बूलचं नाही, हेही सांगायला हवं. त्याच्यानंतर जेव्हन्स, पर्स, श्रोडर यांनी त्यात दुरुस्त्या केल्या. आणि बूलच्या हयातीत या सगळ्याचा उपयोग काय, हे कुणालाच सांगता आलं नसतं. १९३७ मध्ये अमेरिकेत एमआयटीत क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं की विजेची बटणं चालू-बंद करून जी मंडलं बनतात, त्यांचं गणित म्हणजे बूलचंच गणित. शॅननला बूल भेटला होता तो कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या तासाला. तिथून पुढे तुमचा-माझा पगार सुरू होतो.

वर्गातल्या बूलबद्दल एक गोष्ट कॉर्कमध्ये सांगतात. एक दिवस तो तासाला आला तेव्हा विचारात गढलेला होता. फळ्यासमोर येरझाऱ्या घालत राहिला. मुलं येऊन बसली, थांबली, तास संपल्यावर निघून गेली. बूल घरी गेला आणि बायकोला म्हणाला की आज एक विलक्षणच प्रकार झाला, एकही विद्यार्थी आला नाही. खरी असो नसो, मला ती पटते. कोविडच्या काळात मी स्वतः पंचेचाळीस मिनिटं म्यूटवर डेमो दिलेला आहे.

बायकोचा उल्लेख आला. तिचं नाव मेरी एव्हरेस्ट. हो, तेच एव्हरेस्ट. सर्व्हेअर जनरल ऑफ इंडिया सर जॉर्ज एव्हरेस्ट हे तिचे सख्खे काका. कॉर्कच्या कॉलेजातले ग्रीकचे प्राध्यापक आणि उपप्रमुख जॉन रायल हे तिचे मामा. मामाकडे आलेली असताना १८५० मध्ये तिची आणि बूलची ओळख झाली. ती अठरा वर्षांची, हा पस्तिशीतला. तिला गणिताची आवड, पण मुलींना कॉलेज बंद. मग बूलने तिला शिकवलं, बरंचसं पत्रांतून. १८५४ च्या पुस्तकाच्या कामात तिची मदत झाली, आणि पुस्तक अर्पण केलं होतं रायल मामांना. तिचे वडील वारल्यावर, सप्टेंबर १८५५ मध्ये, दोघांनी लग्न केलं. पुढच्या मार्चमध्ये, लग्नाला जेमतेम सहा महिने होताहेत तोवर, काकांच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉने हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव सुचवलं. ज्याच्या गणितावरून ते शिखर सर्वांत उंच ठरलं त्या राधानाथ सिकदारचं नाव कुणी सुचवलं नाही, तो वेगळा विषय.

इथे आपल्यापैकी काहींचे कान टवकारले असतील, माझेही टवकारले होते. मेरीने पुढे म्हातारपणी जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक मोठा लेख लिहिला. काका भारतात राहून इथल्या विचारांनी भारले गेले आणि त्यांच्यामार्फत ते विचार बूल आणि डी मॉर्गन यांच्यापर्यंत पोचले, असा तिचा दावा. वाचून छाती फुगते. पण तारखा बघितल्या की हवा जरा कमी होते. शेतातला विचार १८३३ च्या आसपासचा, पहिलं पुस्तक १८४७ चं, आणि मेरीची भेट १८५० ची. तेव्हा मंडळी, हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा.

पण काकांच्या मागे लागलो म्हणून मला दुसरंच घबाड मिळालं. एव्हरेस्टबद्दल वाचायचं तर सुरुवात त्यांच्या साहेबापासून करावी लागते, कर्नल विल्यम लॅम्बटनपासून. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली रेषा मोजून या लॅम्बटनने सबंध हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट घेऊन टेकडी टेकडी करत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये, हैदराबादकडून नागपूरला जाताना, सत्तरीच्या घरातला तो माणूस वाटेतच वारला. काम एव्हरेस्टकडे आलं. लॅम्बटन वारला ते गाव हिंगणघाट. त्याचं थडगं तिथेच आहे.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. हिंगणघाट माझं गाव. कापसाचं, जिनिंगचं, वणा नदीचं. अठरा वर्षं मी तिथे वाढलो, सायकलवर सगळं गाव पालथं घातलं, आणि पृथ्वीचा आकार मोजणारा माणूस आमच्या गावात पुरला आहे हे मला कॉर्कमध्ये, भाताचा लगदा झालेल्या एका रात्री कळलं. तेही बूलच्या बायकोच्या काकांच्या साहेबाच्या निमित्ताने.

असो. बूलकडे येतो. आता फार थोडं राहिलं आहे.

लग्नानंतरची नऊ वर्षं हा त्याचा सुखाचा काळ. पाच मुली झाल्या. १८५७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पदवी नसलेल्या या माणसाला डब्लिनने आणि ऑक्सफर्डने मानाच्या पदव्या दिल्या. डिफरन्शियल इक्वेशन्सवरचं त्याचं १८५९ चं पुस्तक पुढे पुष्कळ वर्षं चाललं. शेवटी तो गावाबाहेर बॅलिनटेम्पलला लिचफिल्ड कॉटेज नावाच्या घरात राहायला गेला. कॉलेज तीनेक मैलांवर.

२४ नोव्हेंबर १८६४ ला तो घरून कॉलेजला चालत निघाला. पाऊस कोसळत होता. ओल्या कपड्यांनी उभं राहून त्याने आपला तास घेतला. नंतर ताप आला, फुप्फुसांत पाणी झालं. मेरीचे वडील होमिओपॅथीचे कट्टर भक्त, मुलंबाळं घेऊन थेट हानेमानच्या फ्रान्समधल्या घराजवळ जाऊन राहिलेले. जे दुखणं आणतं तेच दुखणं बरं करतं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. तेव्हा पावसाने आजारी पडलेल्या नवऱ्याला तिने ओल्या चादरीत गुंडाळलं, असं सांगतात. काही जण अंगावर बादल्या ओतल्याचंही सांगतात, ते मला वाढवलेलं वाटतं. तिला हसणं सोपं आहे. पण परक्या गावात, बत्तीस वर्षांची बाई, पदरात पाच मुली, समोर तापाने फणफणलेला नवरा. तिने तिला ठाऊक होतं ते केलं. ८ डिसेंबरला बूल गेला. एकोणपन्नास वर्षांचा होता.

२०२० च्या एप्रिलमध्ये माझी आजी हिंगणघाटला गेली तेव्हा विमानं बंद होती. मी इथे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपवर सगळं पाहिलं, मध्येच नेट तुटलं. परक्या देशात काही झालं तर काय, हा विचार आपण सगळे करतो आणि विम्याचे कागद फाईलला लावून विसरतो. आपल्याला इथे काही झालं तर काय, आणि तिथे काही झालं आणि आपण इथे असलो तर काय. बूलच्या घरात यातली पहिली गोष्ट झाली.

मेरी पाचही मुलींना घेऊन लंडनला गेली. सगळ्यात धाकटी, एथेल, जेमतेम सात महिन्यांची. सरकारने थोडं पेन्शन दिलं, तिने एका मुलींच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली. मुलांना गणित हाताने शिकवायच्या युक्त्या तिने काढल्या. पुठ्ठ्याला भोकं पाडून सरळ दोरे ओवायचे आणि त्यातून वक्र रेषा उमटवायची, हा खेळ तिचा. माझी मुलगी इथल्या शाळेत तो करून आली तेव्हा मी तिला ही सगळी गोष्ट सांगायला बसलो, आणि तिने पाचव्या मिनिटाला टॅब्लेट मागितला.

मुलींपैकी ॲलिशिया शाळा-कॉलेज काही न करता चौथ्या मितीतल्या आकृत्या मनाने बघायची. त्या आकृत्यांना आज पॉलिटोप म्हणतात, तो शब्द इंग्रजीत तिने आणला. ल्यूसी रसायनशास्त्र शिकवू लागली. मार्गारेटचा मुलगा जी. आय. टेलर मोठा पदार्थवैज्ञानिक झाला. सात महिन्यांच्या एथेलने १८९७ मध्ये 'द गॅडफ्लाय' ही कादंबरी लिहिली, जिच्या रशियात लाखो प्रती खपल्या. आणि थोरली मेरी एलन हिंटन घराण्यात गेली. तिचा पणतू म्हणजे जेफ्री एव्हरेस्ट हिंटन, आजच्या एआयचा एक जनक, २०२४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेला. म्हणजे बूलचा खापरपणतू. खापरपणजोबाने आम्हाला नोकरी दिली आणि खापरपणतू ती घालवणार, असा विनोद आमच्या ऑफिसात चालतो. हसताना आवाज मोठा असतो, पण हल्ली तो लवकर थांबतो.

बूलचं थडगं कॉर्कच्या ब्लॅकरॉक भागात, सेंट मायकल्स चर्चच्या आवारात आहे. मी दोन-तीनदा जाऊन आलो. फार कुणी येत नाही. कॉलेजात मात्र त्याच्या नावाची भलीमोठी लायब्ररी आहे, मोठ्या हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचांची खिडकी आहे. २०१५ मध्ये द्विशताब्दीला गूगलने आपल्या पानावर त्याला झळकवलंही.

गेल्या हिवाळ्यात बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं, आणि लॅम्बटनचं थडगं शोधून याल का म्हणून विचारलं. बाबा रिटायर्ड मास्तर, गावात सगळ्यांना ओळखतात, पण हे नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. एका रविवारी मित्राला स्कूटरवर मागे बसवून निघाले. तिघांना विचारलं तर तिघांनी तीन दिशा दाखवल्या. दुपारी फोटो आला तो असा की निम्म्या फोटोत बाबांचं बोट. संध्याकाळी फोन केला तर माझी अपेक्षा होती की ते लॅम्बटनबद्दल बोलतील. ते दिवसभर बूलचाच विचार करत होते. पाऊस दिसत होता तर तो माणूस छत्री न घेता निघालाच कसा, हा त्यांचा प्रश्न. एवढा शिकलेला माणूस! मी म्हटलं, बाबा, इथल्या पावसात छत्री टिकत नाही. त्यांना ते पटलं नाही. हिंगणघाटच्या बाजारात आता चांगल्या दांड्याच्या छत्र्या आल्या आहेत, येणाऱ्या कुणाबरोबर तरी एक पाठवतो म्हणाले.